पुतळ्यांची माळ मोडायच्या आधी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला पारंपरिक दागिन्यांवरचा लेख आमच्या घरी सगळ्यांनी वाचला. साज, ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ, सगळं छान लिहिलंय, फोटो पण एक नंबर. पण पुतळ्यांच्या, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांच्या, माळेबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, की हा अस्सल मराठमोळा दागिना आणि पुतळीवर राम-सीता असतात. माळ आपलीच आहे, त्यात वादच नाही, पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बायकांनी घातलीय, अंबाबाईच्या दागिन्यांत पण आहे. पण ती पुतळी मुळात आली कुठनं, तिच्यावरची ती दोन माणसं खरी कोण, हे यायला पाहिजे होतं असं मनापासनं वाटलं. कारण ते माहिती नसल्यामुळं आपल्याकडं काय काय वितळायला मुशीत गेलंय ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि थोडं माझ्या हातानंच गेलंय. म्हणून हे पत्र. लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी २६ वर्षं एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या काउंटरला होतो. दगडावर डाग, म्हणजे दागिना, घासायचा, कस बघायचा, वजन करायचं, खडे-लाख-दोरा वजा करायचा, पाकिटाला सील मारायचं. सणासुदीच्या आधी आणि शाळा-कॉलेजच्या ॲडमिशनच्या वेळेला नुसती रांग. त्या कामात दागिन्याचं वजन बघायची सवय लागते, चेहरा बघायची लागत नाही. ती मला रिटायर झाल्यावर लागली, आणि लावली माझ्या भाचीनं. ती इटलीत बोलोन्याला नोकरीला आहे, तिथनं ट्रेननं तासा-सव्वा तासावर रावेन्ना नावाचं गाव आहे, तिथल्या सान विताले चर्चमध्ये ती गेली होती. तिनं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, ही बाई बघ, आपली आजी लग्नाला नटायची तशीच नटलीय."

ती बाई म्हणजे बायझंटाईन सम्राज्ञी थिओडोरा. फोटो मोठा करून मी तासभर बघत बसलो. भिंतीवर रंगीत काचेचे बारीक बारीक तुकडे बसवून केलेलं चित्र, इसवी सन ५४७ मध्ये त्या चर्चचं उद्घाटन झालं तेव्हापासनंचं, म्हणजे पावणेपंधराशे वर्षं झाली. डोक्यावर मुकुट, मुकुटाच्या दोन्ही अंगांनी मोत्यांचे सर खाली छातीपर्यंत सोडलेले, कानात हिरव्या खड्यांचं, गळ्यालगत एक दागिना आणि त्याच्याखाली अख्खा खांदा झाकणारा मोत्यांचा आणि खड्यांचा रुंद पट्टा. मोती म्हणजे किती, मोजून दमलो. आणि मागं सगळं सोनं. ते सोनं पण कसं, तर सोन्याचा वर्ख दोन काचांच्या मध्ये धरायचा आणि ते तुकडे भिंतीत एकसारखे सपाट न बसवता जरा तिरके तिरके बसवायचे, म्हणजे समईसारख्या दिव्याची ज्योत हलली की भिंत हलल्यासारखी चमकते. किरणोत्सवाला अंबाबाईच्या चरणापासनं मुखापर्यंत ऊन चढताना ज्यानं बघितलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला लागणार नाही. थिओडोरा स्वतः त्या गावी कधी गेलीच नाही, आणि चर्च झाल्यावर पुढच्याच वर्षी वारली. पण दरबार लांब असला तरी त्याचा थाट कसा दिसतो ते लोकांना कळावं म्हणून हे चित्र.

आता बायझंटाईन म्हटल्यावर आपल्या सगळ्यांना शाळेतलं एकच वाक्य आठवतं, १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि युरोपचे आशियाकडचे खुष्कीचे मार्ग बंद झाले. परीक्षेला हमखास यायचं. पण त्याच्या आधी तिथं अकराशे वर्षं काय होतं हे कुणी सांगितलंच नाही. ३३० साली कॉन्स्टंटाईन बादशहानं आजच्या इस्तंबूलच्या जागी राजधानी केली, पश्चिमेकडची रोमन सत्ता पडली तरी ही पूर्वेकडची टिकली, भाषा ग्रीक, धर्म ख्रिस्ती, आणि हुकूम सोन्याचा. सोन्यावर त्यांचा जीव किती तर पाचव्या शतकात लिओ बादशहानं कायदाच केला, की खाजगी माणसानं घोड्याचा लगाम, खोगीर आणि कमरपट्टा ह्यावर मोती, पाचू आणि नीलासारखे खडे लावायचे नाहीत, तो मान राजाचा. बायकांचे दागिने आणि अंगठ्या मात्र त्यातनं मोकळ्या ठेवल्या. मला हे वाचून फार बरं वाटलं.

आणि त्यांच्यात दागिना आणि देव वेगळे नव्हतेच. अमेरिकेत वॉशिंग्टनला डंबार्टन ओक्स म्हणून संग्रहालय आहे, तिथं सहाव्या-सातव्या शतकातला एक सोन्याचा लग्नाचा कमरपट्टा आहे. सोन्याच्या गोल चकत्या एकमेकींना जोडलेल्या, त्यातल्या पुढच्या दोन मोठ्या, आणि त्या मोठ्या चकत्यांवर नवरा-नवरी उभे, मध्ये ख्रिस्त, तो दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतोय. भोवतीनं ग्रीक अक्षरं, अर्थ असा की देवाकडनं एकोपा, कृपा आणि आरोग्य. कन्यादान म्हणजे दुसरं काय असतं. आपला कोल्हापुरी साज घ्या, त्यात एकवीस पानं, त्यातली दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, मासा, कासव, नृसिंह असं सगळं बोटाच्या पेराएवढ्या पत्र्यावर उठवलेलं आणि आतनं लाख भरलेली. बाई साज घालते म्हणजे गळ्याभोवती देवच घालते. तिकडची माणसं सोन्यात घडवलेला ख्रिस्त किंवा मेरी छातीवर लटकवायची, आत पोकळी ठेवून एखाद्या संताची खूण ठेवायची. ह्यात कुणी कुणाचं घेतलं असं मी म्हणत नाही, माणसाचं मन सगळीकडं सारखंच चालतं एवढंच दिसतं. पण पुतळीचं तसं नाही, पुतळीचा थेट रक्ताचा संबंध आहे, त्याच्याकडं येतो.

आधी त्यांचं नाणं. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टंटाईननं सॉलिडस नावाचं सोन्याचं नाणं काढलं, एका रोमन पौंडात ७२ बसायची, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं, जवळजवळ चोख. आणि जवळजवळ सातशे वर्षं ते त्याच वजनाचं आणि त्याच कसाचं ठेवलं. सोन्याच्या धंद्यातल्या माणसाला विचारा ह्याचा अर्थ काय होतो, सात पिढ्या नाही, सातशे वर्षं कुणी घट, म्हणजे भेसळ, घातली नाही. अरबांचा खलिफा अब्द अल मलिक ह्यानं सातव्या शतकाच्या शेवटी दिनार पाडायला घेतला तेव्हा आधी ह्याच नाण्याचा नमुना समोर ठेवला, नुसता क्रॉसच्या जागी खांब केला, मग काही वर्षांनी चित्रं काढून नुसती अक्षरं ठेवली.

हे नाणं आपल्याकडं पण आलेलं आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी पुढं साधू झाला आणि त्यानं समुद्राच्या व्यापाराचं लिहून ठेवलं. त्यात कल्याणचं नाव आहे, तिथं पितळ, शिसवाची लाकडं आणि कापड मिळतं म्हणतो, तिथं ख्रिस्ती लोकांचा एक बिशप असतो आणि तो पर्शियातनं नेमून येतो असं पण सांगतो. कल्याण म्हणजे आपलंच, मुंबईजवळचं, असं बहुतेक अभ्यासक धरतात. त्याच पुस्तकात सोपात्रोस नावाच्या बायझंटाईन व्यापाऱ्याची गोष्ट आहे. हा श्रीलंकेच्या राजासमोर गेला, तिथं एक पर्शियन पण आलेला. राजानं विचारलं तुमच्यातला कुणाचा राजा मोठा. पर्शियननं लगेच आपल्या राजाचं कौतुक सुरू केलं, सोपात्रोस गप्प. मग म्हणाला, दोन्ही राजे इथंच आहेत की, दोघांची नाणी मागवा आणि बघा. पर्शियाचं चांदीचं आलं, ह्याचं सोन्याचं, चकचकीत, नीट घडलेलं. राजानं दोन्ही उलटीपालटी करून बघितली आणि सोपात्रोसला हत्तीवर बसवून वाजत गाजत गावातनं फिरवलं. गोष्ट रंगवलेली असेल, पण सोन्याच्या कसावरनं राजाची किंमत ठरते हे सांगायला ह्याच्याहून चांगली गोष्ट मला माहिती नाही.

आणि नुसती गोष्ट नाही. हुबळीच्या पुढं हानगल तालुक्यात अक्कीआलूर म्हणून गाव आहे, कोल्हापुरातनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो. तिथं ह्या बादशहांची चाळीसच्या वर सोन्याची नाणी एका ठिकाणी सापडली, दुसऱ्या थिओडोसियसपासनं जस्टिनपर्यंतची, म्हणजे पाचव्या-सहाव्या शतकातली. भारतात सापडलेल्या अशा बऱ्याच नाण्यांना राजाच्या डोक्याच्या बरोबर वर दोन बारीक भोकं असतात. म्हणजे ओवून गळ्यात घातलेली! आणि भोकं डोक्याच्या वर पाडलीत म्हणजे घालणाऱ्याला तो चेहरा सुलटा दिसायला पाहिजे होता. आपल्या पुतळीला पण कडी वरच असते, माणसं उभी दिसतात. (ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, टाऊन हॉलच्या म्युझियममधला, तो ह्या सगळ्याच्या आधीचा, रोमन काळातला. पण ज्यांनी तो अजून बघितला नाही त्यांनी जाऊन बघावा, गावातल्या गावात आहे, हाताच्या वितीपेक्षा लहान आहे आणि फार सुंदर आहे.)

बायझंटाईन कलेचा बाहेर एवढा दरारा का होता, तर त्यांच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. मिनाकामाचंच बघा. आपल्याकडं मिन्यासाठी सोनं कोरतात आणि त्या खड्ड्यात मिना भरतात. ते काय करायचे, सोन्याची केसासारखी बारीक पट्टी घ्यायची, ती वाकवून वाकवून नाक, भुवई, कपड्याची चुणी अशी रेघ तयार करायची, ती पट्टी कडेवर उभी करून पत्र्याला बसवायची, आणि मधल्या खणांमध्ये रंगीत काचेची पूड भरून भट्टीत घालायची. पूड वितळून बसली की खाली जाते, मग परत भरायची, परत भट्टी. शेवटी घासून सगळं एका पातळीत आणायचं. नखाएवढ्या चेहऱ्यात डोळ्याची बाहुली, पापणी, ओठ सगळं ह्या पट्टीनं. मी आयुष्यभर गुजरीतल्या, म्हणजे आपल्या सराफ बाजारातल्या, कारागिरांच्या पाटावर बसून काम बघितलंय, बंगाली कारागीर पण बघितलेत, तरी हे कसं करत असतील ह्याचा विचार केला की हात जोडावेसे वाटतात.

मग हे काम बाहेर भेट म्हणून जायचं, आणि त्या भेटीत राजकारण असायचं. हंगेरीचा राजमुकुट आज बुडापेस्टच्या पार्लमेंटमध्ये ठेवलाय, त्याचा खालचा पट्टा १०७० च्या दशकातला, कॉन्स्टँटिनोपलचा. त्याच्यावर मिन्यात सातवा मायकेल बादशहा आहे आणि हंगेरीचा राजा गेझा पण आहे. पण बादशहाच्या डोक्यामागं तेजाचं वलय, गेझाच्या मागं नाही, बादशहाचं नाव लाल अक्षरांत, गेझाचं निळ्यात. भेट दिली आणि कोण थोरला कोण धाकटा ते पण सांगितलं. जर्मनीच्या दुसऱ्या ऑटोला ९७२ मध्ये तिकडची थिओफानो दिली, सून आली ती तिथला थाट घेऊनच आली. रशियाकडचं तर सगळं तिथनंच. कीवच्या राजाची माणसं धर्म बघायला कॉन्स्टँटिनोपलला गेली आणि तिथल्या आया सोफिया चर्चमधनं बाहेर आल्यावर म्हणाली की आपण स्वर्गात आहोत का पृथ्वीवर तेच कळेना, असं त्यांच्या जुन्या बखरीत आहे, आणि ९८८ मध्ये राजानं बाप्तिस्मा घेतला. बाळ येशूनं मेरीच्या गालाला गाल लावलेलं जे व्लादिमीरचं चित्र रशियन लोक सगळ्यात जास्त मानतात, ते रशियन नाहीच, बाराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलहून आलेलं. पुढं रशियात चित्राला चांदीचं नाहीतर सोन्याचं झाकण करायची पद्धत पडली, अंगावरचा कपडा सगळा पत्र्यात उठवायचा, नुसता चेहरा आणि हात उघडे. देव्हाऱ्यातले टाक आणि मुखवटे ज्यांच्या घरात आहेत त्यांना चांदीकामाच्या हुपरीच्या कारागिराचा हातोडा ऐकू येईल. तिकडं सिसिलीत चर्चच्या भिंती, इटलीत चित्रकार, जेरुसलेम-दमास्कसच्या मशिदींतलं मोझाईक, कुठं कुठं म्हणून सांगू. चित्रकार क्लिम्ट १९०३ मध्ये रावेन्ना बघून आला आणि त्याच्या चित्रांत सोनं उतरलं, आणि फॅशनवाल्या शनेल कंपनीनं २०१० मध्ये 'पॅरिस-बायझांस' नावानं अख्खा शो केला, रावेन्नाच्या त्याच बाईला बघून.

पण ज्यांच्याकडं एवढं सोनं होतं त्यांचं सोनं आज एवढं कमी का राहिलं? १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या युरोपियन फौजा, तुर्क नव्हे, ख्रिस्तीच, जेरुसलेमला जायच्या ऐवजी कॉन्स्टँटिनोपलवर गेल्या आणि शहर लुटलं. निकेतास नावाचा तिथला एक अधिकारी, त्यानं सगळं लिहून ठेवलंय. आया सोफियाची वेदी फोडून तुकडे वाटून घेतले. चौकातले जुने ब्राँझचे पुतळे वितळवून नाणी पाडली. हेरा देवीच्या पुतळ्याचं नुसतं डोकं ओढून न्यायला चार बैलजोड्या लागल्या म्हणतो. थोडक्यात अख्ख्या शहराची मोड घातली. वेनिसवाले मात्र हुशार, त्यांनी बरंचसं न वितळवता घरी नेलं. सेंट मार्क चर्चची सोन्याची वेदी, पाला दोरो म्हणतात, मिन्याच्या चकत्या आणि रत्नांनी भरलेली, ती आधी कॉन्स्टँटिनोपललाच सांगून करून घेतलेली, आणि १२०४ नंतर तिच्यात लुटीतल्या चकत्या पण बसवल्या. ते वाचलं म्हणून आज जग बघतंय.

आणि इथंच आपली पुतळी येते. बायझंटाईन नाण्यात अकराव्या शतकापासनं घट सुरू झाली, मध्ये सावरलं, परत घसरलं. तेव्हा १२८४ मध्ये वेनिसनं स्वतःचं सोन्याचं नाणं काढलं, डुकाट. वजन साडेतीन ग्रॅम, आपल्या तोळा-माशाच्या हिशेबानं साडेतीन माशांच्या किंचित वर, सोनं तेव्हा जितकं शुद्ध करता यायचं तितकं चोख. चित्राची पद्धत मात्र बायझंटाईनच ठेवली. तिकडच्या नाण्यांवर बादशहा एखाद्या संताबरोबर उभा, मध्ये दोघांनी धरलेला दांडा. वेनिसनं बादशहाच्या जागी आपला प्रमुख ठेवला, त्याला ते डोज म्हणायचे, तो गुडघ्यावर बसलाय आणि त्यांचा संत सेंट मार्क त्याला निशाणाचा दांडा देतोय. मागच्या बाजूला बदामाच्या आकारात ख्रिस्त उभा, भोवतीनं चांदण्या. कडेच्या अक्षरांचा अर्थ असा की ख्रिस्ता, तू जिच्यावर राज्य करतोस ती ही भूमी तुलाच वाहिली. हे चित्र आणि हे वजन १७९७ मध्ये वेनिसचं राज्य बुडेपर्यंत जवळजवळ तसंच राहिलं, पाचशे वर्षं. म्हणून मिरी आणि कापड घ्यायला हे नाणं इजिप्त, एडन करत सुरत, कालिकतला यायचं आणि आपल्याकडचा सराफ डोळे झाकून घ्यायचा. शिवकाळातल्या खजिन्याच्या यादीत होनाबरोबर पुतळ्या मोजलेल्या आहेत त्या ह्याच. माणसं दिसतात म्हणून पुतळी. तामिळनाडूत लोकांना तो निशाणाचा दांडा ताडाचं झाड वाटला आणि गुडघ्यावरचा डोज ताडी काढणारा वाटला, त्यावरनं तिकडं नाव पडलं. आपल्याकडं दोन माणसं म्हणजे राम-सीता. मला ह्यात चूक काही वाटत नाही, आपल्या बायकांनी परक्या देवाला बाहेर ठेवलं नाही, आपलं नाव देऊन गळ्यात घातलं.

मग मागणी वाढली तसे इथल्या सोनारांनी ठसे केले. ते अक्षरं वाचून केलेले नव्हते, बघून केलेले. त्यामुळं एका ठशावरनं दुसरा, दुसऱ्यावरनं तिसरा असं होत होत अक्षरांच्या रेघा झाल्या, रेघांचे ठिपके झाले, डोजची टोपी सीतेचा अंबाडा झाली. आजची पुतळी तर नुसता उठवलेला पत्रा. पण हेच बघण्यासारखं आहे! दोन-चार पुतळ्या शेजारी ठेवल्या की वेनिसपासनं गुजरीपर्यंतचा रस्ता तळहातावर दिसतो.

आमच्या आईची माळ होती, आजीकडनं आलेली. लाल गोफात गाठवलेल्या पुतळ्या, पटवेकऱ्याकडनं दर तीन-चार वर्षांनी गोफ बदलायची. त्यात तीन पुतळ्या वेगळ्या होत्या, जाड, जरा फिक्कट-पिवळ्या आणि मऊ, कडा झिजलेल्या. आई त्यांना "जुन्या" म्हणायची, बाकी काही नाही. १९९८ ला बहिणीच्या लग्नात गंठण करायचं ठरलं आणि माळ मोडायला मीच घेऊन गेलो, दुकानाचं नाव घेत नाही, त्यांनी जगरहाटीप्रमाणंच केलं. मी म्हटलं ह्या तीन चोख दिसतात, घासून बघा. कस लावला, खरंच चोख. तरी काटा एकदाच केला, सगळ्या एकत्र, बावीसच्या भावानं, आणि वर तूट धरली. पैशाचं दुःख तेव्हा झालं, आता होत नाही. दुःख ह्याचं होतं की मी त्या तीन पुतळ्यांकडं कस लावण्याएवढं बघितलं आणि दोन बाजू बघण्याएवढं बघितलं नाही. माझ्यासमोर कात्रीनं कड्या तोडल्या आणि मुशीत टाकल्या. पाच मिनिटांत झालं. काउंटरला पण २६ वर्षांत अशा पुतळ्या कितीतरी आल्या, सोडवून न्यायला न आलेल्या लिलावात गेल्या, आणि लिलावातनं सरळ गलाईला, म्हणजे वितळवायला.

परवा वाचताना एक गोष्ट सापडली आणि गळा दाटून आला. आठव्या-नवव्या शतकात बायझंटाईन बादशहांनी मूर्ती-चित्रांवर बंदी घातली होती, मधला काही काळ सोडला तर ७२६ पासनं ८४३ पर्यंत चाललं. चित्रं फोडली, पुसली, जाळली. सिनाईच्या वाळवंटातल्या सेंट कॅथरिन मठासारखी लांबची ठिकाणं, जी तेव्हा त्यांच्या राज्यातच नव्हती, तिथली वाचली, सहाव्या शतकातलं मेणाच्या रंगातलं ख्रिस्ताचं चित्र तिथं अजून आहे. तर ह्या बंदीतला शेवटचा बादशहा थिओफिलस. त्याच्या मुली आजीकडं, म्हणजे आईच्या आईकडं जायच्या. एकदा बापानं विचारलं आजीनं काय दिलं, काय खेळलात. धाकटी पुल्केरिया लहान, ती बोलून गेली, आजीच्या पेटीत पुष्कळ बाहुल्या आहेत, त्या काढते आणि आमच्या डोक्याला, तोंडाला लावते. त्या बाहुल्या म्हणजे लपवून ठेवलेल्या देवाच्या प्रतिमा. बादशहानं मुलींचं आजीकडं जाणं बंद केलं. पण तो वारल्यावर त्याच मुलींच्या आईनं, म्हणजे दुसरी थिओडोरा, रावेन्नाच्या थिओडोराच्या तीनशे वर्षांनंतरची, तिनं ८४३ मध्ये प्रतिमा परत आणल्या. तिकडच्या चर्चमध्ये अजून दरवर्षी तो दिवस पाळतात. बाहुली म्हणजे आपल्या भाषेत पुतळीच की हो. आमची आई पण डबा उघडला की पुतळी नातवंडांच्या कपाळाला लावायची.

तर संपादक साहेब, माझं मागणं मोठं नाही. गुजरीतल्या सराफांना हात जोडून सांगणं आहे की मोडीत जुनी पुतळी आली, जाड, मऊ, अक्षरं असलेली, तर कात्री लावायच्या आधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि तेवढ्या एकीचं वेगळं वजन लिहून ठेवा, गिऱ्हाईकाला सांगा की ही वेगळी आहे, मग त्याला मोडायची तर मोडू दे. पतसंस्थांनी लिलावाच्या आधी एवढंच करावं. म्युझियमनं वर्षातनं एखादा दिवस ठेवावा, लोकांनी घरचं आणायचं, जाणकारानं बघायचं, फोटो काढून परत द्यायचं, ठेवून कुणाचं घ्यायचं नाही, नाहीतर कोण आणणार. आणि तुम्ही पुरवणीत एक कोपरा द्या, वाचकांनी घरच्या पुतळीचे फोटो पाठवायचे. नवरात्र जवळ आलंय, माळा लॉकरमधनं बाहेर निघतीलच. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन आणि चोख कस लागला तर दांड्याजवळ बघा, वरनं खाली एकाखाली एक तीन अक्षरं आहेत का, डी, व्ही, एक्स. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ डोज. नुसत्या रेघा असल्या तर इथल्या ठशाची, ती पण जपण्यासारखीच.

आमच्या माळेतली एकच वाचली. आजीनं हयातीतच आत्याला दिलेली, आत्या कागलला असते, ८४ वर्षांची आहे, काळ्या मण्यांत ओवून गळ्यात घालते. मागच्या महिन्यात मी भिंग आणि काटा घेऊन गेलो. अक्षरं आहेत, तिन्ही आहेत, व्ही जरा झिजलाय. पोतेतनं सोडवल्याशिवाय नीट वजन कसं करणार, तर आत्या म्हणाली, "फोटो काय पाहिजे तेवढं काढ, पर दोऱ्यातनं काढायची न्हाई, सासूच्या हातची गाठ हाय." म्हणून वजन केलेलं नाही. फोटो सोबत पाठवतोय, कडीचा डाख, म्हणजे सांधा, सेंट मार्कच्या डोक्यावर आलाय आणि खाली धरलेला अंगठा आत्याचा आहे, तो कापू नका.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर